गय केला जाणार नाही

माझे सासरे दर्यापूरकडचं आपलं वावर वर्षाच्या ठोक्यानं दुसऱ्याला कसायला देऊन आमच्याकडे अमरावतीला आले, तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी होती आणि तोंडाला कुलूप होतं. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. तिसऱ्या वर्षी तो नको तेव्हा आला आणि कापसाची बोंडं झाडावरच काळी पडली. पुढच्या पोळ्याच्या आधी मामाजींनी बैलजोडी विकली. "आता पुरे," म्हणाले, आणि खरोखरच पुरे केलं. बैठकीतल्या दिवाणावर टीव्हीसमोर बसले ते बसलेच.

मी तेव्हा सरकारी दवाखान्यात नर्स होते. ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उठवून चालवणं हे माझं काम. भले भले रडतात, शिव्या देतात, पण चालतात. घरात मात्र एक धडधाकट म्हातारा दिवाणावरून हलत नव्हता आणि माझं काही चालत नव्हतं. मला भीती वाटत होती. बसलेला माणूस दिवसेंदिवस जास्तच बसत जातो आणि मग एक दिवस उठायचं म्हटलं तरी उठू शकत नाही, हे मी वॉर्डात रोज बघत होते. आमच्या ह्यांना एकच औषध माहीत होतं: "आराम करू दे त्यांना." ते एसटीच्या ऑफिसात कारकून, त्यांना आरामाचं फार कौतुक.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. जवळच्या बागेत सकाळी म्हातारी मंडळी हसायला जमतात, तिथे जा म्हटलं. "हासाले काय झालं?" मामाजींनी विचारलं.

मग एक दिवस टीव्हीवर कुठल्याशा तलावाचं दृश्य लागलं आणि मामाजी आपणहून बोलले. "गय असता तं गेलो असतो मासोया धराले."

आमच्या वऱ्हाडात ळ फारसा टिकत नाही, त्याचा य होतो. डोळा तो डोया, शाळा ती शाया, आणि मासे धरायचा गळ तो गय. मी अकोल्याची. तिथल्या शाळेतल्या बाईंनी छडीच्या धाकानं माझ्या तोंडात ळ बसवला. मामाजींच्या जिभेपर्यंत कुठलीच छडी पोचली नव्हती. पूर्णेच्या काठावर त्यांचं लहानपण गेलं. तरुणपणी सुगी आटोपली की ते गळ घेऊन डोहावर बसायचे, हे मी सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्याकडून ऐकलं होतं. त्या हे कौतुकानं सांगत नसत.

मी लगेच ते वाक्य पकडलं. दुसऱ्याच दिवशी ड्युटी संपल्यावर युनिफॉर्ममध्येच बाजारात गेले.

जुन्या बाजारात एका चाचांचं दुकान होतं. पुढे दोरखंड, कासरे, वेसणी, बैलांच्या घुंगुरमाळा टांगलेल्या, आणि मागे पत्र्याच्या डब्यांत लहानमोठे गळ, नायलॉनची दोरी, ज्वारीच्या धांड्याचे तरंगे. चाचा चष्मा कपाळावर चढवून बसलेले असायचे. मी म्हटलं, "मासे धरायचा गळ द्या."

"कोणता तलाव?"

"अजून ठरलं नाही."

"मासा कोणता?"

"जो येईल तो."

चाचांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला नीट पाहिलं. "सिस्टरबाई, तुमी सुई टोचता तं आंधी इचारता का नाई, कोणाले अन् कायची? का जो येईन त्याले टोचून देता?"

मी म्हटलं, सासऱ्यांसाठी पाहिजे. झालं! "मग सासऱ्याले घेऊन या. चप्पल अन् गय दुसऱ्याच्या अंदाजानं कोणी घेते का? हात पाहा लागते माणसाचा." मी म्हटलं, ते घरातून बाहेर पडत नाहीत. "तं मग मासे काय घरात धरतीन?" चाचा म्हणाले आणि चष्मा परत कपाळावर.

घरी येऊन मामाजींना सांगितलं तर ते दिवाणावरूनच कडाडले. "त्याले म्हना, नसन द्याचा तं राहू दे! माह्या हाताचं त्याले काय करा लागते? लगन लावाचं हाये काय?" पण चला म्हटलं तर नाही. एक म्हातारा दुकानातून हलेना, दुसरा दिवाणावरून, आणि मध्ये मी. तेव्हा मला राग आला, आणि रागाच्या भरात मी मोबाईल काढला.

त्या काळात अमरावतीत ऑनलाइन खरेदीचं वारं नुकतंच घुसलं होतं. आमच्या वॉर्डातल्या नर्सा रात्रपाळीत मागवलेले कुर्ते दिवसपाळीत परत करायच्या. मी मासे धरायची काडी शोधली. पन्नास निघाल्या! नळीत नळी बसवलेल्या, ओढली की लांब होणाऱ्या, खाली शेवया पाडायच्या मशीनसारखा दांडा फिरवायचं रीळ. खाली लोकांचे अभिप्राय. एकानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, "माल उत्तम आहे, अजून वापरला नाही." दुसऱ्यानं लिहिलं होतं, "डिलिव्हरी वेळेवर. माशांचं माहीत नाही." अशा साक्षीपुराव्यावर मी एक मागवली. कोणता तलाव, कोणता मासा, कोणाचा हात, काही विचारणं नाही. मोबाईलनं फक्त पिनकोड विचारला. मला बरं वाटलं. चाचांच्या नाकावर टिच्चून गळ घेतल्यासारखं वाटलं.

त्यानंतर महिनाभर तो मोबाईल मला तंबू, बॅटऱ्या आणि रानात घालायचे बूट दाखवत राहिला. धारणीच्या जंगलात मी वाघाच्या मागावर निघाले आहे, असा त्याचा समज झाला असावा.

पाचव्या दिवशी खोका आला. मोटरसायकलवरचा माणूस तो भाल्यासारखा धरून गल्लीत शिरला, त्यामुळे अर्धी गल्ली दारात. शेजारीण म्हणाली, "पडद्याचा रॉड मागवला वाटते?" मी म्हटलं, "हो, भल्ला लांब पडदा आहे आमचा." मग खोका मुद्दाम मामाजींच्या दिवाणाजवळ उभा केला, एक शब्दही बोलले नाही आणि ड्युटीवर निघून गेले. आमिष लावून तरंग्याकडे न बघणं एवढं शहाणपण मलाही होतं.

संध्याकाळी आले तर खोका फुटलेला! काडी पूर्ण लांब केलेली, दिवाणापासून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच मामाजींनी बसल्या जागेवरून काडीच्या टोकानं पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. मग त्यांनी तिनंच ओसरीतला पेपर ओढून घेतला आणि भिंतीवरची पाल हाकलली.

"झाक वस्तू आनली वं माय," ते म्हणाले. "आता उठाचं कामच नाई."

मी डोक्याला हात लावला. निदान आधी पंख्यासाठी तरी माणूस उठत होता.

"मामाजी, ती मासे धरायला आहे. जा ना तलावावर."

"जातो ना. पन गय कुठी हाये?"

मी खोका पालथा केला. काडी होती, रीळ होतं, दोरी होती, सात भाषांतला कागद होता. गळ नव्हता. चित्रात होता, खोक्यात नव्हता. चित्राखाली बारीक अक्षरात काय लिहिलं होतं ते मी वाचलं नव्हतं, हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

"तक्रार कर," मामाजी म्हणाले. मग जरा विचार करून, "नाई, मीच करतो. फोन लाव."

मी फोन लावला, मराठीसाठीचं बटण दाबलं आणि आवाज मोठा करून त्यांच्या हातात दिला. पलीकडे एक मुलगी, अगदी रेडिओसारखी शुद्ध. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"गय नाई पाठवला तुमी."

"क्षमस्व सर, काय नाही मिळालं?"

"गय. गय!"

"सर, आपण... गाय मागवली होती का?"

"गाय नाई वं बाई, गय! काडी आली, गय नाई आला. बिना गयाची काडी घेऊन मी काय करू?"

"सर, आम्ही जनावरं विकत नाही."

"मंग मी काय म्हशीची डेअरी टाकून राहिलो काय? मासोयी कायनं धरतेत तुमच्या इकडं? हातानं?"

मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाले. बाहेर आले तेव्हा ती बिचारी शेवटाला आली होती. काय चुकलं हे तिला समजलं नव्हतं, पण म्हातारा चिडला आहे हे समजलं होतं. ती म्हणाली, "सर, आपली जी गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. चौकशी होईल आणि कोणाचीही गय केली जाणार नाही."

मामाजींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलं? म्हने गय केला जानार नाई. त्याइच्या इथं तयारच नाई होत!"

मी त्यांना समजावलं नाही. कशाला समजवायचं? इतक्या महिन्यांत त्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा रंग पाहत होते.

पण याचा परिणाम भलताच झाला. मामाजींना फोनचा नाद लागला. रोज सकाळी चहा झाला की तक्रार. तक्रारीचा नंबर त्यांना तोंडपाठ झाला. रोज नवा आवाज, रोज नवी दिलगिरी. ते मुलींना पाऊस विचारायचे, पगार वेळेवर होतो का विचारायचे, आणि शेवटी गय. एकीला तर त्यांनी तुरीवरच्या अळीसाठी काय फवारावं हेही सांगून टाकलं. आमचे हे म्हणाले, "बघ, रमले." मला मात्र चडफडायला होत होतं. दिवाणावरचा माणूस अजून दिवाणावरच होता. फक्त आता त्याला फोनचं निमित्त मिळालं होतं. गळाला लागले होते, पण दुसऱ्याच्याच.

आठवड्याभरानं एका सकाळी माझी सुट्टी होती. मामाजींनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "माहा तक्रार नंबर लिहा..." आणि पलीकडची मुलगी नेहमीप्रमाणे शुद्ध बोलत होती. "गय" शब्द आला आणि ती थांबली. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "आबाजी, मासोयीचा गय का?"

मामाजी ताठ बसले. "हो वं माय! तुले कसं समजलं?"

"मी चांदूर रेल्वेची हाये ना, तुमच्या अमरावतीजवळची. इथी पुन्याले नोकरी करून राहिली." मग आणखी हळू. "आबाजी, माह्यं ऐका. त्या काडीसंगं गय येतच नाई. तुमी वर्षभर फोन करसान तरी आमी फक्त माफीच मांगू. आमाले तेवढंच शिकवलं हाये. तुमच्या इथी बजार नाई काय? उठा अन् घेऊन या. कायले बसून राहिले फोन धरून?"

मामाजींनी फोन कानाजवळ नेला.

"हे मी सांगतलं असं म्हनू नका बरं. बोलनं रेकॉर्ड होते," ती म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी तिचा आवाज पुण्याला परत गेला. "आपण संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद, सर. आपला दिवस शुभ असो."

मामाजींनी फोन बाजूला ठेवला. मग पाय खाली सोडून चपला शोधायला लागले. "आपल्या इकडची पोट्टी हाये," ते म्हणाले. "घरापासून इतक्या दूर राहून तिनं सांगतलं. आता जा लागन."

मी सहा महिने सांगत होते त्याचं काही नाही! पण मी भांडले नाही. भांडायला तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं. मी स्कूटीची किल्ली घेतली. मामाजी मागे बसले, काडी खोक्यासकट उभी धरून. पडदेवाल्या शेजारणीनं खिडकीतून पाहिलं. तिला मी हात केला.

चाचा दुकानात तसेच बसले होते, चष्मा कपाळावर. मी म्हटलं, "आणले सासरे." चाचांनी आधी मामाजींचे हात पाहिले, मग तोंड.

"कोणता तलाव?"

"तुमच्या इथचा मले मालूम नाई. पानी असन आता टोंगयाइतकं, गुडघाभर."

"मासा?"

"गढूय पान्यात काय भेटन? मरय."

"चारा?"

"मरयले बेडकी. बाकीच्याइले कनकेचा गोया, जराशी हयद टाकून."

चाचांनी चष्मा खाली घेतला. ही परीक्षा पास झाली, हे मलाही समजलं. मग त्यांची नजर खोक्यावर गेली आणि मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. आता टोमणा येणार! पण चाचा म्हणाले, "ये वही क्या, मोबाईलवाली? जरा दाखवा तं." त्यांनी ती हातात घेतली, लांब केली, रीळ फिरवलं, कानाला लावून आवाज ऐकला. "भारी चीज आहे," म्हणाले. "मुळात काडी कोणी विकत घेत नसते, नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपाची तोडून आणते. पण ही भारी आहे. मले बी एक मागवून द्याल काय सिस्टरबाई?"

मी गार पडले. एवढे दिवस मी ज्यांच्या नाकावर टिच्चून बसले होते, ते माझ्याकडेच ऑर्डर देत होते.

चाचांनी डब्यातून चार गळ निवडले, पेपरच्या तुकड्यात बांधले आणि पुडी देता देता सवयीनं विचारलं, "अन् बैलाचं काही? कासरा, वेसण?"

चाचांना काय माहीत! प्रत्येक शेतकऱ्याला ते हेच विचारत असणार. पण आमच्या घरात मामाजी आल्यापासून बैल हा शब्द कोणी काढला नव्हता. पोळ्याच्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या आणि बातम्यांत सजवलेले बैल दिसले तेव्हा ह्यांनी घाईघाईनं चॅनल बदललं. आम्ही दोघंही स्वतःला फार समजूतदार समजत होतो.

"बैल इकले," मामाजी म्हणाले.

"कवा?"

"पोयाच्या आंधी."

"जोडी कशी होती?"

मामाजींनी टांगलेल्या कासऱ्याला हात लावला. त्यांचा ओठ हलला. माझ्यानं ते बघवेना. भाजी घ्यायची आहे असं काहीतरी पुटपुटत मी तिथून पळाले. रोज जखमा धुणारी बाई मी, आणि तिथून पळाले. वांगी घेतली, घरात होती तरी घेतली, आणि रस्त्यावर उभी राहिले.

परत आले तेव्हा दोघं दोरखंडांच्या बिंड्यांवर समोरासमोर बसले होते, हातात चहा. मामाजींचे डोळे लाल होते आणि ते हसत होते. चाचा म्हणत होते, "माझ्याकडं पाहा ना. कासरे वैसेच लटकेले हैं. दिवसाकाठी गिऱ्हाईक येते ते गयाचंच." शुक्रवारी दुकान बंद असतं, तेव्हा तलावावर जायचं दोघांचं ठरलं होतं. मला कोणी विचारलंही नाही.

शुक्रवारी मामाजी गेले. तिसऱ्या प्रहरी चिखलानं भरलेले पाय घेऊन परत आले, एकही मासा न आणता. मोबाईलवाल्या काडीचं रीळ पहिल्याच झटक्याला अडकलं होतं. चाचांनी काठावरची बेशरमाची काडी तोडून दिली, तिलाही काही लागलं नाही. हे सगळं सांगून झालं, पाय धुतले आणि ते खुर्चीवर बसले. दिवाणावर नाही.

मी पुसणं घेऊन उभी होते. आत जाऊन चहा टाकायचा होता. त्याऐवजी मी विचारलं, "मामाजी, तुमची जोडी कशी होती?"

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, चुकलं.

"आता इचारून राहिली वं?" ते म्हणाले. "मले वाटे, तुमाले कोनालेच आठवन नाई त्याइची."

मामाजींनी पायानंच दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस," ते म्हणाले. "उभ्यानं सांगाची गोष्ट नाई ते."

मी बसले.